राक्षसाचं स्वयंपाकघर

राजेश्वरीचं पाट्यांशी वाकडं होतं. बागेतल्या पाट्यांशी. ‘फुले तोडू नयेत’, ‘हिरवळीवर चालू नये’, ‘झाडांना हात लावू नये’. मग मुलाने बागेत येऊन करायचं तरी काय, पाट्या वाचून परीक्षेला बसायचं? आपल्याकडच्या बागा तुम्ही पाहिल्याच असतील. सिमेंटचं एक हरीण, त्याचं शिंग मोडून आतली सळई बाहेर आलेली. शेजारी आ वासून बसलेला पेंग्विन, त्याच्या तोंडात गुटख्याच्या पुड्या. घसरगुंडीच्या खाली बारमाही डबकं. अशा बागेत मूल लगेच कंटाळतं आणि भेळ मागतं. त्यात मुलाचा काही दोष नाही.

केडगावला राहणारी ही बाई मुलांसाठी बागा करायची आणि तिच्या प्रत्येक बागेत एक गोष्ट असायची. एका बालवाडीत तिने मुंगीची बाग केली होती. तिथे गवताची पाती मुलांच्या डोक्यावरून जायची, साखरेचा दाणा स्टुलाएवढा होता आणि कुणाची तरी हरवलेली चप्पल म्हणजे अख्खी घसरगुंडी होती. लोक आधी हसायचे. “मॅडम, दोन झोके टाका आन् मोकळ्या व्हा,” असं एका सरपंचांनी तिला सुनावलं होतं. पुढे त्यांचाच नातू त्या चपलेवरून खाली उतरायला तयार होईना, तेव्हा सरपंच गप्प बसले. हा किस्सा राजेश्वरी येईल-जाईल त्याला सांगायची. तिला स्वतःचं कौतुक जरा जास्तच होतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

वाकणवाडीची शाळा शेवगावच्या पुढे, आडबाजूला. शाळेच्या मागे मुरमाड जागा रिकामी पडली होती आणि हेडमास्तर सूर्यभान सर हौशी माणूस. त्यांनी कुठूनशी मदत मिळवली आणि राजेश्वरीला बोलावून घेतलं. तिची एक पद्धत होती. मुलांमध्ये मांडी घालून बसल्याशिवाय ती कागदावर रेघ ओढत नसे. तिने वर्गात विचारलं, कसली बाग हवी? पोरं म्हणाली, क्रिकेटचं ग्राउंड. एवढ्यात तिसरीतली एक काटकुळी मुलगी उभी राहिली.

“बाई, राक्षसाचा सैपाक कोन करतं?”

वर्ग खो खो हसला. मुलीचं नाव सृष्टी. तिची आजी बनुबाई याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे आणि सृष्टी आजीच्या पदराला धरून स्वयंपाकाच्या खोलीत वाढायची. तिला हा प्रश्न पडणार नाही तर कुणाला पडणार? राजेश्वरीने तो जागच्या जागी उचलला. बागेचं नाव ठरलं, राक्षसाचं स्वयंपाकघर.

शेवगावचा दाऊद मिस्त्री तिच्या बहुतेक बागांचं बांधकाम करायचा. तिने काढलेलं काहीही तो जाळी आणि सिमेंटमधून उभं करायचा. तक्रार नाही, कौतुकही नाही. त्याने राक्षसाची चूल बांधली, इतकी मोठी की मुलं एका तोंडातून रांगत शिरून दुसऱ्या तोंडातून बाहेर यायची. पळी म्हणजे घसरगुंडी. परात म्हणजे वाळूचा हौद. पाट्यावर चार मुलं उताणी झोपू शकत आणि वरवंट्यावर घोडा घोडा खेळत. मधल्या वाफ्यांत राजेश्वरीने खायचं लावलं. टोमॅटो, चुका, पुदिना, काकडीचे वेल, गवती चहा, रताळी. मुलांनी तोडावं, मातीच्या बोळक्यांत रांधावं, आणि खरोखर खावं. भातुकली असावी तर अशी, असं तिला वाटत होतं.

पहिल्या लागवडीचा फडशा गावातल्या शेळ्यांनी एका रविवारी पाडला. दाऊद म्हणाला, “ताई, काटेरी तार ओढून घेऊ.”

“तार? मुलांच्या बागेला? तुरुंग आहे का तो, दाऊदभाई?” राजेश्वरीला तिचं आजोळ आठवलं, राहात्याकडचं. तिथे बांधाबांधाने मोगली एरंड उभा असायचा. “मोगली एरंड लावू. फांदी खोचली की जगते, पाणी मागत नाही आणि शेळी त्याला तोंड लावत नाही.”

शेळी तोंड का लावत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी आजोळी तिलाही कुणीतरी दरडावलं होतं, त्या बिया तोंडात घालायच्या नाहीत म्हणून. पण ते दरडावणं डोक्यात कुठेतरी मागे पडलं होतं आणि डोळ्यांपुढे होतं ते हिरवंगार कुंपण. पावसाळ्याच्या तोंडाला फांद्या खोचल्या. पुढचा पावसाळा संपेपर्यंत त्या माणसाच्या छातीला लागल्या आणि त्यांना हिरव्या गोल फळांचे घोस आले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाग उघडली. त्या दिवशी राजेश्वरीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पाटी लावली. मोठ्या गमतीदार अक्षरांत तिने लिहिलं होतं, ‘इथे हात लावावा, तोडावं, खावं. विचारू नये.’ मुलांनी ती एका सुरात वाचली. मग तिने राक्षसाच्या आवाजात विचारलं, “माझ्या घरातलं काय काय खायचं?”

“सगळं!”

“कुणाला विचारायचं?”

“कुनालाच न्हाई!”

सरांनी टाळ्या वाजवल्या. दारात उभ्या असलेल्या बनुबाईने ओले हात पदराला पुसून टाळ्या वाजवल्या. राजेश्वरीला भरून आलं. आपल्या हयातीतली ही सगळ्यात चांगली बाग, असं तिने घरी जाताना दाऊदला दोनदा सांगितलं.

पंधरवडाही झाला नसेल, एका संध्याकाळी सूर्यभान सरांचा फोन आला. मधल्या सुट्टीनंतर मुलांना उलट्या सुरू झाल्या होत्या. एक झालं, दोन झाली, मग रांगच लागली. पोरं पोट धरून लोळत होती. मिळेल त्या गाडीत घालून सगळ्यांना शेवगावला दवाखान्यात नेलं होतं. “देवाच्या दयेने धोका नाही, मॅडम. पण गाव पेटलंय. खिचडीतून झालं म्हणतायत.”

राजेश्वरी सकाळी दवाखान्यात पोचली तेव्हा बरीचशी मुलं घरी गेली होती. उरलेली सलाइन लावून मलूल पडली होती. रेश्मा नावाच्या एका बाईचा मुलगा सगळ्यांत जास्त गळून गेला होता. ती त्याचे पाय चोळत बनुबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. राजेश्वरीने मुलाच्या कपाळावरून हात फिरवला, बाहेर आली आणि तशीच वाकणवाडीला निघाली. दुसऱ्या दिवशी राहात्याहून माणसं येणार होती. तिथली एक संस्था मोठी बाग करणार होती आणि संस्थेचे रविराज पाटील वाकणवाडीची बाग बघून मग काम द्यायचं की नाही ते ठरवणार होते. आजारी मुलांना भेटून आल्या आल्या हा विचार तिच्या मनात होता, आणि पुढे किती तरी दिवस तिला त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटत राहिली.

शाळेला सुट्टी दिली होती. बागेत चिटपाखरू नव्हतं. चुलीच्या पुढे मुलांनी मांडलेला खेळ तसाच पडला होता. दगडांची छोटी चूल, मातीची बोळकी, पानांच्या पत्रावळी. राजेश्वरीला क्षणभर बरंच वाटलं. तिने एक बोळकं उचललं. आत काळी टरफलं होती. दुसऱ्यातही तीच. वरवंट्याच्या टोकाशी बियांचा चुरा होता आणि त्याला लागून फोडलेल्या फळांच्या वाळक्या साली. पत्रावळींवर पांढरे गर मांडून ठेवले होते, सोललेल्या शेंगदाण्यांसारखे, कुणीतरी राक्षसासाठी राखून ठेवलेले.

तिने कुंपणाकडे पाहिलं. मुलांचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत मोगली एरंडाला एक फळ शिल्लक नव्हतं.

खिचडी शाळेतल्या सगळ्याच मुलांनी खाल्ली होती. सरांनी आणि वर्गावरच्या बाईंनीसुद्धा. उलट्या झाल्या त्या मधल्या सुट्टीत बागेत रमलेल्या मुलांना. एवढं साधं होतं. सरांना हाक मारायची, बोळकं दाखवायचं, की संपलं. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण हाक आली नाही. त्याऐवजी ती खाली बसली आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीत टरफलं भरायला लागली. चुरा तळहाताने गोळा केला. गर वेचले, साली वेचल्या, पत्रावळी चुरगाळून आत कोंबल्या. उद्याचं एकदा पार पडू दे, परवा सांगते, असं ती स्वतःशी पुटपुटत होती. तिचे हात मात्र भराभर, सफाईने चालले होते.

ती शाळेच्या पुढच्या बाजूला आली तर ओट्यावर शाळेच्या समितीची माणसं जमली होती. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात बनुबाई डोक्यावरून पदर घेऊन उभी होती.

“म्या तांदूळ निवडला हुता वो,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. “दोनदा धुतला हुता.”

“मंग पोरं काय हवेनं आजारी पडली का?” कुणीतरी ओरडलं. खिचडीचा नमुना तपासायला गेला होता. अहवाल यायचा तेव्हा येईल. तोवर बनुबाईने शाळेची पायरी चढायची नाही, असं ठरलं आणि खोलीला कुलूप लागलं. म्हातारीने किल्ली स्वतःच्या कमरेची काढून दिली. राजेश्वरी पिशवी काखेत आवळून हे सगळं बघत होती.

सूर्यभान सर तिच्याजवळ आले. रात्रभर जागून त्यांचे डोळे लाल झाले होते. “मुलांना निदान तुमच्या बागेचा तरी आधार आहे, मॅडम.”

“हो,” राजेश्वरी म्हणाली.

तिचं सगळं पाप त्या एका ‘हो’मध्ये होतं. टरफलं भरली तेव्हा ती घाबरलेली होती असं म्हणता येईल. हो म्हणाली तेव्हा ती विचार करून म्हणाली.

रविराज पाटील येऊन गेले. पळीवरून ते स्वतः एकदा घसरले, हसले, काम तुमचंच म्हणाले. त्यांची गाडी गेल्याबरोबर राजेश्वरीने दाऊदला फोन केला. कुंपण मुळासकट उपटून लांब नेऊन जाळायचं आणि तार ओढायची, आजच्या आज.

“एवढं माजलेलं कुंपण, ताई?” दाऊद म्हणाला. “तुम्हीच तार नको म्हणत होता.”

“आता डिझाइन बदललंय.”

दाऊदने काही विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर अनेकदा वाटलं. त्याने विचारायलाच हवं होतं, असंही एकदा वाटलं, आणि आपण आता दाऊदवर खापर फोडायला निघालो आहोत हे लक्षात येऊन ती आणखी ओशाळली.

परवा सांगते म्हणाली होती, तो परवा उजाडला आणि मावळला. मग ती म्हणाली, अहवाल येऊ दे, आपोआप उलगडा होईल. अहवालाचा पत्ता नव्हता. मग म्हणाली, कुंपण तर काढलंय, आता धोका नाही, मुलं बरी झाली आहेत, उगाच उकरून काय मिळणार? माणसाला स्वतःला समजवायचं असलं की शब्दांचा तुटवडा पडत नाही. पण ती कापडी पिशवी तिने दाराच्या मागे खिळ्याला अडकवली होती, आणि ती रिकामी करायला तिचा हात धजत नव्हता. कचऱ्यात टाकवत नव्हती, उघडवतही नव्हती. बाजारात जाताना ती नवी पिशवी घेऊन जायची.

राहात्याच्या बागेची चित्रं काढायला ती रोज बसायची. विषय झकास होता, ज्यांचा समुद्रच पळून गेला अशा माशांची बाग. पूर्वी अशा कामात तिला जेवणाची शुद्ध राहत नसे. आता ती एक झाड काढायची आणि पाना-पानाशी अडायची. मूल हे तोंडात घालेल का? चीक डोळ्यांत जाईल का? हा विचार आधीच करायला हवा होता, आणि आता तो केल्याने बनुबाईच्या खोलीचं कुलूप उघडणार नव्हतं. तिने झाडंच काढून टाकली. कागदावर नुसता मुरूम उरला.

संक्रांत झाली. राहात्याच्या जागेची आखणी करताना दाऊद सहज बोलून गेला, “वाकणवाडीला पळीचा कठडा नीट करायला गेल्तो, ताई. त्या बनुबाईचं लई वाईट झालं. संक्रांतीला तिच्या दारात एक पोरगं तिळगूळ घ्यायला आलं नाही. म्हातारी ताट घेऊन उंबऱ्यात बसून होती, म्हणे. शेवटी पाखरांना घातला.”

राजेश्वरीने हातातली दोरी खाली टाकली. दाऊदने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

दुसऱ्या दिवशी तिने खिळ्यावरची पिशवी काढली आणि वाकणवाडीचा रस्ता धरला.

बनुबाईचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पण अंगण लख्ख सारवलेलं. राजेश्वरीला पाहून म्हातारी गडबडीने उठली. “या, या ताई. बसा. च्या टाकते.” ती आत वळली, थबकली आणि पाठमोरीच म्हणाली, “घ्याल न्हवं माज्या हातचा?”

“घेईन, मावशी,” राजेश्वरी कशीबशी म्हणाली.

चहाचं आधण ठेवून बनुबाई समोर येऊन बसली. ती निम्मी झाली होती. राजेश्वरीने पिशवी मांडीवर घेतली. शब्द तिने वाटेत जुळवले होते, पण म्हातारीनेच आधी सुरुवात केली.

“मलाच तुमच्याकडं यायचं हुतं. पन कोन्या तोंडानं यावं? येवढी सोन्यासारखी बाग केली तुमी लेकरांसाठी, आन् माज्यापायी तिला गालबोट लागलं. त्या दिसापून डोळ्याला डोळा न्हाई, ताई. पडल्या पडल्या मनात तांदूळ निवडती. डाळ धुतली का, त्येल बगितलं का, पातेल्यावर झाकन हुतं का. समदं केलेलं आठवतं. पन लेकरं पडली म्हंजी कायतरी ऱ्हायलंच आसंल की. ही माजी नात बी त्यातच हुती. माज्याच हातानं लेकरास्नी इख गेलं.” तिने हात जोडले. “मला माफी करा.”

राजेश्वरीने असं काही होईल हे मनातही आणलं नव्हतं. शिव्या ऐकायची तयारी करून ती आली होती. म्हातारीने ते जोडलेले हात खाली घ्यावेत म्हणून ती पुढे झाली. तिने पिशवी सारवलेल्या जमिनीवर उलटी केली. काळी टरफलं घरंगळली. वाळून चुरा झालेली पानं पडली, सुरकुतलेले गर पडले.

“मावशी, खिचडी चांगली होती. मुलांनी हे खाल्लं. मोगली एरंड. कुंपण मी लावलं होतं. सगळं खा म्हणून मी सांगितलं होतं.”

बनुबाईने एक टरफल चिमटीत उचललं. उलटंपालटं करून बघितलं. आत चहा उतू गेला आणि चुलीवर चरचरला, तरी ती उठली नाही.

“कवा कळलं तुमाला?”

राजेश्वरीने सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती. हा प्रश्न त्यात नव्हता.

“दुसऱ्या दिवशी सकाळी.”

“म्हंजी कुलूप लावलं तवा?”

“तेव्हा ही पिशवी माझ्या काखेत होती.”

म्हातारीने टरफल जमिनीवर ठेवलं, अगदी हळू, जसं काही ते फुटणार होतं. “मी तुमच्याकडंच बगत हुते,” ती म्हणाली. “म्हनलं, शिकल्याली बाई हाय, येक शबूद तरी बोलंल.”

तेवढ्यात आतल्या दाराशी हालचाल झाली. सृष्टी चौकटीला धरून उभी होती. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे.

“आज्ये, मला बी ठावं हुतं.”

“काय ठावं हुतं?”

“आमीच खाल्ल्या. राक्षसाला शेंगदान्याची आमटी केल्ती. गोड लागत हुत्या.”

“मंग बोलली का न्हाईस, सटवे?” बनुबाई ताडकन उठली. “समदं गाव माज्या तोंडावर थुकलं आन् तू माज्याच ताटात जेवत हुतीस?”

“मी सांगनार हुते!” सृष्टी रडायला लागली. “दवाखान्यातून आल्यावर सांगनार हुते. सकाळी मी चुलीत जाऊन बसले हुते. मला भ्या वाटत हुतं. मंग बाई आल्या. मला वाटलं, बाईंनाच आदी सांगावं. पन बाईंनी समदी टरफलं पिशवीत भरली. कुनाला न दाखवता. मंग मला वाटलं...” तिने फ्रॉकने नाक पुसलं. “मला वाटलं, ह्ये सांगायचं नसतं.”

राजेश्वरीला त्या चुलीचं काळं तोंड दिसलं. ती तिथे गुडघ्यांवर बसून भराभर वेचत होती आणि आतून दोन डोळे तिच्याकडे बघून शिकत होते. तिला ओरडून रडावंसं वाटलं, पण त्या घरात रडायचा हक्क तिला नव्हता.

बनुबाईचा उगारलेला हात तसाच राहिला. मग तिने तो खाली आणला आणि पोरीला पोटाशी घेतलं. “माजं काय, मी गेल्यावर गाव इसरून जाईल,” ती राजेश्वरीला म्हणाली. “पन ही उंद्या मोठी व्हईल. हिला तुमी काय शिकवलं, ते बगा.”

“मला माफ करा, मावशी.”

“मला सांगून काय उपेग? गावाला सांगा. मी येनार न्हाई. मी हितंच बसते.”

संध्याकाळी सूर्यभान सरांनी पालकांना शाळेच्या ओट्यावर बोलावलं. राजेश्वरीने काही लपवलं नाही. कुंपण, पाटी, टरफलं, सरांना दिलेला होकार, दाऊदला सांगितलेली थाप. दाऊदही आला होता, तो मागे भिंतीला टेकून मान खाली घालून ऐकत होता. तिचं बोलणं संपल्यावर आरडाओरडा होईल असं तिला वाटलं होतं. झाला नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग रेश्मा उठली.

“बिया खाल्ल्या, ते पोरांचं नशीब. चूक व्हती मानसाकडनं. पन मी त्या म्हातारीला काय काय बोलले. तिच्या लेकीबाळी काढल्या. तिनं दिल्यालं लोनचं गटारीत ओतलं.” तिचा आवाज चढला. “आमाला काय म्हाईत न्हवतं, तुमाला म्हाईत हुतं. तुमी आमाला समद्यांना पापात घातलं, मॅडम. आता आमी कोन्या तोंडानं तिच्या दारात जायचं?”

बोलून झाल्यावर रेश्मा तिथून सरळ बनुबाईच्या घराकडे गेली. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी गेल्या. राजेश्वरीला कुणी बरोबर चल म्हणालं नाही.

रविराज पाटलांना तिने त्याच रात्री फोन करून सगळं सांगितलं. “बघतो, कळवतो,” ते म्हणाले. त्यांनी कळवलं नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही. मासे समुद्राची वाट बघत कागदावरच राहिले.

स्वयंपाकाच्या खोलीचं कुलूप निघालं. बनुबाई कामावर परतली त्या दिवशी राजेश्वरी बागेत होती. ती आणि दाऊद मिळून एकेक वाफा तपासत होते. दाऊद तिच्याशी कामापुरतं बोलत होता. तिची ती गमतीदार पाटी त्याने सकाळीच उतरवून भिंतीला तोंड करून ठेवली होती.

मधली सुट्टी झाली. खिचडीचा वास सुटला. मुलं ताटल्या घेऊन बसली, जेवली, हात धुऊन पळाली. बनुबाईने सगळ्यांना वाढलं, सरांना वाढलं, वर्गावरच्या बाईंना वाढलं, आणि शेवटी एक ताटली भरून दाऊदच्या हातात दिली, “त्यांना द्या,” एवढंच म्हणून. राजेश्वरीने ती खिचडी चुलीपाशी बसून शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.

मुलं आता बागेत येत होती, पण काठाकाठाने. पूर्वीसारखी तुटून पडत नव्हती. कुणी वाफ्याला हात लावत नव्हतं. सृष्टी एकटीच टोमॅटोच्या रोपापाशी गेली. एक लालबुंद टोमॅटो खाली लोंबत होता. तिने तो तोडला, फ्रॉकला पुसला आणि तोंडाशी नेता नेता थांबली. मग ती राजेश्वरीपाशी आली.

“बाई, ह्ये खाऊ?”

साधा टोमॅटो होता. ज्या बागेत कुणी काही विचारायचं नाही म्हणून राजेश्वरीने एवढा खटाटोप केला होता, त्या बागेत ही पोर टोमॅटो खाऊ का म्हणून विचारत होती. राजेश्वरीने तो तिच्या हातून घेतला, अर्धा दाताने तोडून चावून खाल्ला आणि उरलेला तिला दिला.

“खा, बाळा. चांगला आहे.”

सृष्टीने तो हातात धरला. लगेच तोंडात घातला नाही. रस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तरी ती राजेश्वरीच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली, बाईंना काही होतंय का ते बघत.